आमच्या ग्रंथपाल बाईंना जाहीर आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

व्यापारी संघाच्या मेळाव्यात ‘वकिलातीत गेलेला व्यापारी’ यावर बोला म्हणाले, तेव्हा यान झ्वार्टेनडाइक हे नाव मी ऐकलेलंही नव्हतं. ते तुम्ही सुचवलंत.

लिथुआनियातल्या कौनासमध्ये फिलिप्सची शाखा सांभाळणारा हा डच गृहस्थ. 1940 साली तिथल्या डच वाणिज्यदूताचा ओढा नाझींकडे, म्हणून त्याला हटवलं आणि तात्पुरतं काम याच्या गळ्यात घातलं. पाठोपाठ सोव्हिएत राजवट आली. पोलंडमधून पळून आलेल्या ज्यूंना तिथून बाहेर पडायचं होतं.

कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव या डच बेटावर जायला व्हिसा लागत नाही, अशी फ्रेंच ओळ हा माणूस त्यांच्या कागदांवर लिहून द्यायचा. गव्हर्नरची परवानगी लागते, हा पुढचा भाग मुद्दाम गाळलेला! क्युरासावला कुणाला जायचंच नव्हतं, हे मला आधी उमगेना. तुम्ही टेबलावर नकाशा पसरलात आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वाट दाखवलीत: मॉस्को, व्लादिव्होस्तोक, बोटीने त्सुरुगा, मग कोबे. मुक्कामाचं ठिकाण कागदावर असलं की जपानी वाणिज्यदूत सुगिहारा जपानमार्गे जायचा व्हिसा देत. सुगिहारांचं नाव झालं, या रेडिओवाल्याचं नाही.

24 जुलै ते 3 ऑगस्ट. एवढ्यात दोन हजारांवर कागद. हात दुखायला लागल्यावर त्याने शिक्का करून घेतला असणार, असं आमचे एक सभासद म्हणाले. शिक्का नंतर खरंच आला होता. गाळलेल्या अर्ध्या वाक्यावर सभागृहात हशा पिकला; बिलात काय लिहायचं नाही, हे आमच्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढचं ऐकून मात्र सगळे चिडले. कागदपत्रं जाळून तो बायको-मुलांसह जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडला परतला, गप्प राहिला आणि 1960 च्या दशकात त्याच्याच परराष्ट्र खात्याने नियम मोडल्याबद्दल त्याला सुनावलं! 1976 मध्ये तो गेला. ज्यूंच्या नरसंहाराची आठवण जपणाऱ्या याद वाशेम या इस्रायली संस्थेचा सन्मान 1997 मध्ये.

एवढं सगळं तुम्ही वर्गणीच्या रांगेकडे एक डोळा ठेवून शोधून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आमचे इलेक्ट्रिकवाले शेठ शनिवारी येणार आहेत, त्यांना सुगिहारांबद्दल वाचायचंय. नकाशा तेवढा वर काढून ठेवा.

आपला,
बाजारपेठेतला एक कापड दुकानदार