मिरजेतील ज्येष्ठांचे आभार

मिरजेतील वृद्ध गायक, साथीदार आणि वाद्यकारागीर यांच्याशी झालेल्या संवादांचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाले असून, ज्यांनी स्वतःची नावे प्रसिद्ध करू नयेत असे आवर्जून सांगितले, त्या सर्वांचे येथे जाहीर आभार मानतो. १९३७ साली निधन पावलेल्या किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी, तसेच दर्ग्यातील उरुसाच्या संगीतसभेत रात्र रात्र बसून गाणे कसे कानांत मुरले याचे वर्णन त्यांनी हातचे काही न राखता केले. सतारमेकर गल्लीतील एका बुजुर्गांनी तर वाद्यासाठी पंढरपूर परिसरातून येणारा भोपळा कसा पारखावा आणि तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, कशी उघडावी, हे हातातले काम न थांबवता समजावले. माझ्या मते संपूर्ण संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. (जवारी हातांनी लावत नाहीत, कानांनी लावतात, असे त्यांचे म्हणणे.) भेटी जुळवून देणारे शेजारी, चहापाणी पाहणाऱ्या गृहिणी आणि ध्वनिमुद्रणापुरती यंत्रे बंद ठेवणारे दुकानदार यांचाही मी ऋणी आहे. ध्वनिफितींच्या प्रती प्रत्येकाच्या घरी पोहोचवल्या जातील.