अंदमानच्या सहलीसाठी पक्ष्यांचे कोणते पुस्तक घ्यावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अंदमानच्या हिवाळी सहलीविषयी आलेला लेख वाचला. सेल्युलर जेल, स्वराज द्वीपचा समुद्रकिनारा, बारातांगच्या चुनखडीच्या गुहा हे सारे त्यात नेमकेपणाने आले आहे. पक्षीनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांना मात्र लेखकाने ‘दुर्बीण आणि पक्ष्यांचे एखादे चांगले पुस्तक सोबत ठेवावे’ एवढ्या एका वाक्यावर निरोप दिला आहे. माझी हरकत त्यातल्या ‘एखादे’ या शब्दाला आहे. ताम्हिणी किंवा भिगवणला जाताना कोणतेही बरे पुस्तक चालून जाते, अंदमानात ते चालत नाही. आणि तिथे हजारो रुपये खर्चून जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

अंदमान राजकीय नकाशावर भारतात असले, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ते आपल्यापेक्षा म्यानमारचे शेजारी आहे. ही बेटे म्हणजे म्यानमारमधल्या अराकान पर्वतरांगेचाच समुद्रात बुडालेला विस्तार असून, चेन्नईपेक्षा म्यानमारचा किनारा तिथून कितीतरी जवळ आहे. मुख्य भूमीपासून तुटल्यामुळे तिथले अनेक पक्षी वेगळ्या वाटेने घडत गेले. परिणाम असा, की आपल्या ओळखीचे पुष्कळ पक्षी तिथे मुळातच नाहीत आणि जे आहेत त्यांतले बरेचसे ओळखीचे वाटूनही निराळे असतात. भारद्वाजाचेच उदाहरण घ्या. आपल्याकडचा काळ्या अंगाचा आणि तांबूस पंखांचा. अंदमानातल्या भारद्वाजाचे पंख तसेच तांबूस, पण डोके, मान आणि पोट फिकट मातकट. दक्षिण अंदमानातल्या चिडिया टापू या जंगलाच्या ठिकाणी, रस्त्यावर एका सहलीच्या गटप्रमुखाने तो झुडपात दिसताच ‘हे भारद्वाजाचे पिल्लू’ असे सर्वांना सांगितले आणि सर्वांनी ते मानलेही. गटातल्या एका बाईंच्या हातात पुस्तक होते. परंतु ते महाराष्ट्रातील पक्ष्यांचे असल्याने त्यात दुसरा पर्याय छापलेलाच नव्हता.

बेटासाठी पुस्तक निवडण्याचा खरा निकष मला यातच दिसतो. पुस्तकात एकूण किती जाती आहेत, छपाई किती देखणी आहे, मुखपृष्ठावर कोणाची शिफारस आहे हे सारे दुय्यम. बेटावर जो पक्षी दिसणार आहे तो त्या पुस्तकात बेटावरच्या रूपात रंगवलेला आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. ते दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत तपासता येते.

पहिल्यांदा हरियालांचे, म्हणजे हिरव्या कबुतरांचे पान उघडावे. आपला राज्यपक्षी असलेला पिवळ्या पायांचा हरियाल बाजूला ठेवून त्याच्या शेजारची चित्रे पाहावीत. जुन्या वर्गीकरणात सह्याद्रीतला राखी कपाळाचा हरियाल, ईशान्येकडचा, श्रीलंकेतला आणि अंदमानचा हे सगळे एकाच जातीचे प्रकार मानले जात. आता ते स्वतंत्र जाती म्हणून ओळखले जातात. हातातल्या पुस्तकात या सर्वांसाठी मिळून एकच चित्र असेल, तर अंदमानात ते पुस्तक तुम्हाला साथ देणार नाही. जाती एकत्र मानल्या असल्या तरी हरकत नाही. अंदमानच्या पक्ष्याचे चित्र वेगळे दिलेले असावे, एवढेच. यानंतर सर्पगरुडांचे पान पाहावे. अंदमानात दोन सर्पगरुड आहेत : एक आपल्याच तुरेवाल्या सर्पगरुडाचा फिकट उपप्रकार आणि दुसरा केवळ अंदमानात सापडणारा, गडद तपकिरी. ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी असतील, तर चित्रकाराने बेटांचा विचार केला आहे असे समजावे. तिसरे पान सुतार पक्ष्यांचे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात दिसणाऱ्या मोठ्या, पांढऱ्या पोटाच्या काळ्या सुताराचा एक भाऊबंद अंदमानात आहे. त्याचे पोटही काळे असते आणि तो जगात अन्यत्र कुठेही नाही.

चित्रांनंतर नकाशे. संपूर्ण भारतीय उपखंडाच्या पुस्तकात एकेका पक्ष्याचा नकाशा टपाल तिकिटाएवढा असतो आणि त्यात अंदमान-निकोबार म्हणजे उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला सांडलेले चार-पाच ठिपके. त्या ठिपक्यांना रंग दिला आहे की नाही, हे भिंग लावूनही कळत नाही. म्हणून नकाशावर विसंबून न राहता शेजारच्या मजकुरात बेटांचा उल्लेख शब्दांत आहे का, हे पाहावे. दहा अंश खाडीच्या उत्तरेला अंदमान आणि दक्षिणेला निकोबार, असा भेद करणारे पुस्तक मिळाले तर अधिकच चांगले. सामान्य पर्यटकाला निकोबारला जाण्याची परवानगी मिळत नाही. त्यामुळे निकोबारचे मेगापोड (कोंबडीसारखा, जमिनीवर वावरणारा पक्षी) किंवा तिथला सर्पगरुड यांची चित्रे कितीही सुंदर असली, तरी ती आपल्या सहलीच्या उपयोगाची नाहीत. नारकोंडमच्या धनेशाचेही तेच. तो जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या त्या एकाच बेटावर राहतो आणि तिथे सहली जात नाहीत. अंदमानच्या इतर बेटांवर धनेश नाही, तांबटाच्या कुळातला एकही पक्षी नाही आणि सुतार पक्ष्यांच्या जाती दोनच. बेटावर काय नाही हे ठाऊक असेल तर ओळखण्याचे निम्मे काम झालेले असते, आणि जाड पुस्तके नेमके हेच सांगत नाहीत. ते आपल्यालाच घरी बसून, न दिसणाऱ्या पक्ष्यांवर पेन्सिलीने फुल्या मारून करावे लागते. मला तर सहलीच्या तयारीतला हा सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

आता प्रत्यक्ष पुस्तकांविषयी. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ अनेक मराठी घरांत आहे आणि त्याविषयी मला अपार आदर आहे. परंतु ते नवख्याला पक्षी पाहायला शिकवणारे, निवडक पक्ष्यांचे पुस्तक आहे. अंदमानसाठी त्याची शिफारस करणे त्या पुस्तकावरही अन्याय करणारे ठरेल. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे ‘बर्ड्स ऑफ द इंडियन सबकॉन्टिनेंट’ हे १९९८ मध्ये आले आणि त्याची सुधारित दुसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. बहुतेकांनी हीच दुसरी आवृत्ती घ्यावी, असे माझे मत आहे, कारण तिच्यात चित्रासमोरच मजकूर व नकाशा असून ती पाठपिशवीत मावते. पहिल्या आवृत्तीचा मोठा ठोकळा जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो, पण तो विमानातल्या सात किलोंच्या मर्यादेत आणि बोटीच्या चढउतारात जड जातो, शिवाय त्यातील वर्गीकरण जुने आहे. रासमुसेन आणि अँडर्टन यांचे ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ (२००५, दुसरी आवृत्ती २०१२) हे बेटांच्या बाबतीत अधिक चोखंदळ आहे. पूर्वी उपप्रकार मानलेल्या कित्येक पक्ष्यांना त्यात स्वतंत्र जातींचा दर्जा मिळाला. त्याचे दोन खंड आहेत. चित्रांचा पहिला खंड सोबत न्यावा आणि मोजमापांचा व आवाजाच्या आलेखांचा दुसरा खंड घरीच ठेवावा. ज्याला घुबडांचा नाद आहे त्याने मात्र दुसऱ्या खंडातील आवाजांची वर्णने निघण्यापूर्वी वहीत उतरवून घ्यावीत, कारण चिडिया टापूच्या जंगलात अंधार पडल्यावर तिथली घुबडे दिसण्याआधी ऐकू येतात आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जातींचा निवाडा आवाजावरच होतो.

छायाचित्रांची पुस्तके घ्यावीत का, असे पुष्कळजण विचारतात. घ्यावीत, पण एकमेव पुस्तक म्हणून नव्हे. छायाचित्रात पक्षी त्या क्षणीच्या उजेडात असतो. चित्रकार मात्र दोन सारख्या पक्ष्यांना एकाच बाजूने, एकाच उजेडात बसवून त्यांच्यातला फरक दाखवतो. पाकोळ्यांसारख्या क्षणात डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांसाठी तर उडतानाची चित्रे असलेलेच पान हवे. ज्यांच्या लाळेच्या घरट्यांना बाजारात सोन्याचा भाव येतो त्या पाकोळ्या अंदमानात आहेत आणि पांढऱ्या पोटाच्या दुसऱ्या लहान पाकोळ्याही आहेत. त्या झाडावर बसून आपल्याला निवांतपणे न्याहाळू देत नाहीत.

मोबाइलवरच्या ‘मर्लिन’ या कॉर्नेल विद्यापीठाच्या मोफत ॲपला माझा विरोध नाही. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून शहरातले इंटरनेट सुधारले आहे, तरीही जंगलात आणि लहान बेटांवर त्याचा भरवसा धरू नये; पक्ष्यांचा संच घरूनच उतरवून घ्यावा. ॲपने सुचवलेले नाव हा अंदाज समजून पुस्तकातल्या पानाशी ताडून पाहावे. आणि एक विनंती : पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी ॲपमधला आवाज जंगलात वाजवू नये. विणीच्या काळात नर स्वतःची हद्द राखण्यासाठी त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यावर धावून येतो आणि पिल्लांचे खाणे राहून जाते.

हवेचाही विचार करावा. अंदमानात दोन्ही मोसमी पावसांचा मुक्काम असतो आणि कोरड्या महिन्यांतही हवा दमट असते. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने एकदा ओली होऊन वाळली, की एकमेकांना अशी चिकटतात, की सोडवताना वरच्या चित्राचा रंग खालच्या पानावर उतरतो. साधी झिपची पिशवी आणि प्रत्येक संध्याकाळी पंख्याखाली उघडे ठेवलेले पुस्तक एवढ्याने काम भागते. घड्याळाचीही एक अडचण आहे. ही बेटे आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरीच पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचनंतर लवकरच मावळतो. हॉटेलचा नाश्ता उरकून साडेआठला निघणाऱ्या गटाला कोणतेही पुस्तक मदत करू शकत नाही.

ज्यांच्या हाती एकच सकाळ आहे त्यांनी श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला जावे. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, तिथल्या शेतांत समुद्राचे पाणी शिरले आणि कायमची पाणथळ जागा तयार झाली. तिथे अंदमानचे बदक पाहायला मिळते : तपकिरी अंगाचे, एरवी नजरेत न भरणारे, पण डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले. काही बदकांमध्ये हा पांढरा रंग गालापर्यंत पसरलेला असतो आणि जुन्या पुस्तकांत एकच नमुना चित्रित केलेला असल्यास माणूस गोंधळतो. बारातांगच्या रस्त्यावर मात्र दुर्बीण पिशवीतच ठेवावी. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, वाहने ताफ्यानेच सोडली जातात, थांबण्यास आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि पक्ष्याचे निमित्त करून गाडी थांबवायला लावणे सर्वथा गैर आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या रॉस बेटावर दिसणारे मोर माणसाने नेलेले आहेत. ते पुस्तकाच्या नकाशात सापडले नाहीत म्हणून पुस्तकाला दोष देऊ नये.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. मराठीत महाराष्ट्रातल्या पक्ष्यांवर चांगली पुस्तके आहेत. पण अंदमानला जाणाऱ्या वाचकाला इंग्रजी पुस्तकाशिवाय गत्यंतर उरत नाही आणि शाळकरी मुलांची तिथेच अडचण होते. दिवाळीपासून मार्चपर्यंतच्या हंगामात आपण अंदमानवर लेख छापणारच आहात. त्यातल्या एखाद्या लेखासोबत तिथे सहज दिसणाऱ्या वीस पक्ष्यांची चौकट द्यावी. त्यात प्रत्येक पक्ष्याचे मराठी नाव, इंग्रजी नाव आणि आपल्याकडच्या जवळच्या पक्ष्यापेक्षा तो कशाने वेगळा दिसतो याची एक ओळ असावी. पक्षी निवडताना निकोबार आणि नारकोंडम कटाक्षाने वगळावेत, आणि चौकट कात्रण काढून पुस्तकात ठेवता येईल अशी पानाच्या एकाच बाजूला छापावी.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे