कापडी हूडच्या जुन्या जिप्सीचा मागचा फाळका: दुरुस्ती कोणती आणि फेरफार कोणता?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाहनांची पुनर्नोंदणी आणि उच्च सुरक्षा क्रमांकपाट्या या विषयांवर आपल्या दैनिकात वरचेवर मजकूर प्रसिद्ध होतो. परंतु कापडी हूडच्या जुन्या गाड्या अजूनही रोजच्या कामाला वापरणाऱ्या आमच्यासारख्यांची एक नेमकी अडचण आजवर कोठे मांडलेली माझ्या वाचनात आली नाही. ही अडचण मागच्या फाळक्याची, म्हणजे गाडीच्या पाठीमागच्या दाराची आहे. तो कुजला की बदलावा लागतो, नवा कोरा मिळत नाही, आणि गॅरेजमध्ये बनवून घेतला तर कायद्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती ठरते की फेरफार, हे कोणी ठामपणे सांगत नाही.

माझ्याकडे १९९८ सालची कापडी हूडची जिप्सी किंग आहे. रत्नागिरी तालुक्यात आमची आंब्याची बाग असून कातळावरच्या वाटेने पेट्या खाली आणायला हीच गाडी उपयोगी पडते. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली आणि २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. लष्करासाठी त्यानंतरही काही काळ ती तयार होत होती. म्हणजे अगदी शेवटच्या गाड्याही आता नव्या राहिलेल्या नाहीत, आणि ताडोबा, पेंच येथील जंगलवाटांवर पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या अनेक जिप्सींचा दिवस तर खड्डे आणि धुळीतच जातो. या गाडीचे इंजिन दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. खरी अडचण पत्र्याची आहे, आणि त्यातही आधी जातो तो मागचा फाळका.

त्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. कापडी हूडच्या जिप्सीचा फाळका अर्ध्या उंचीचा असतो, बिजागऱ्यांवर बाजूला उघडतो आणि स्टेपनीचा सगळा भार त्याच्यावरच असतो. चाकाचे ओझे फाळक्याच्या मध्यावर आणि आधार मात्र एका कडेला, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात तो भार बिजागरीजवळचा पत्रा ओढत राहतो. फाळका दुपदरी असतो. हूडच्या मागच्या पडद्यातून झिरपणारे पावसाचे पाणी दोन पदरांच्या मध्ये उतरते आणि तळाशी ठेवलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडणे अपेक्षित असते. रंगकाम करताना ही छिद्रे बुजली, की फाळका आतून कुजू लागतो, आणि आमच्या किनारपट्टीची खारी हवा त्याला साथ देते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. माझ्या फाळक्याच्या खालच्या कडेला मी एकदा सहज अंगठा दाबला, तर तो पत्र्यातून आरपार गेला आणि ओल्या पापडासारखा गंजाचा पोपडा हातात आला.

तेव्हाच गाडी बाजूला लावायला हवी होती. मी ती लावली नाही, आणि २०२२ च्या पावसाळ्यानंतर आंबा घाटात त्याची किंमत मोजावी लागता लागता राहिली. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर माझे दोन भाचे बसले होते; धाकटा नऊ वर्षांचा. एका वळणावर बिजागरीजवळचा पत्रा फाटला, कडी निसटली आणि स्टेपनीसकट फाळका सताड उघडला. मोठ्या भाच्याने धाकट्याची कॉलर धरून ठेवली होती. मागून एसटी येत होती, तिच्या चालकाने वेळीच गाडी आवरली. कोणालाही इजा झाली नाही. पण त्या बाकांवर बसणाऱ्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये त्या फाळक्यावाचून दुसरे काहीच नसते, हे त्या क्षणी मला जेवढे कळले तेवढे आधीच्या इतक्या वर्षांत कळले नव्हते.

त्यानंतर मी जे पहिले काम करून घेतले, तेही चुकीचे होते. एका गॅरेजवाल्याने 'मजबूत करून देतो' म्हणून जाड पत्र्याचा एकसंध फाळका बनवला आणि जुन्याच बिजागऱ्यांवर टांगला. एक चौरस मीटर आकाराच्या, एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन पावणेआठ किलोंहून थोडे अधिक भरते; दोन मिलिमीटरचा पत्रा घेतला की ते पंधरा किलोंच्या पुढे जाते. ही वाढ स्टेपनीच्या वजनावर आणखी चढते आणि सारा भार गाडीच्या मागच्या खांबावर येतो, जो खांब स्वतःही तेवढाच जुना असतो. दोन महिन्यांत बोल्टांभोवतीचा खांबाचा पत्रा तडकला. मजबुती म्हणजे जाडी, हा समज आपल्या गॅरेजांतून इतका पक्का बसलेला आहे की त्यापायी किती गाड्या बिघडत असतील, याची मला मनापासून चिंता वाटते.

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिराकडे गाडी नेली. मी पत्र्याचा विषय काढताच ते म्हणाले, "साहेब, पत्रा नंतर बघू. आधी कर्ण मोजूया." त्यांनी मागच्या मोकळ्या चौकटीच्या दोन्ही कर्णांना फीत लावली. दोन मापांत बोटभर फरक निघाला, म्हणजे गाडीचा सांगाडाच एका अंगाला झुकलेला होता. जिप्सीची चॅसी, म्हणजे भार पेलणारी खालची पोलादी चौकट, वरच्या बॉडीपासून वेगळी असते, त्यामुळे फाळका काढला म्हणून गाडी मोडत नाही. परंतु वर पक्के छत नसलेल्या या गाडीत मागचे दोन कोपरे एकमेकांपासून फाकायला वेळ लागत नाही, आणि चौकट तिरकी असताना बसवलेला फाळका कितीही सुबक असला तरी कडीत नीट अडकत नाही. त्यांनी आधी तळाचा कुजलेला पत्रा बदलला, कोपरे सरळ केले, खांबाच्या आतून बिजागरीमागे आधारपट्टी जोडली आणि मग मूळ फाळक्याच्या मापाचा, मूळ जाडीचा दुपदरी फाळका तयार केला. बिजागऱ्यांचे बोल्ट स्टेपनी चढवल्यानंतरच शेवटचे आवळले, कारण भाराखाली फाळका किती खाली बसतो हे तेव्हाच कळते. तळाची छिद्रे त्यांनी रंगानंतर तार घालून पुन्हा मोकळी केली. चार दिवस लागले. आजही तो फाळका एका बोटाने लागतो.

आता कायद्याचा भाग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, हा खुलासाही कलम ५२ मध्येच आहे. आरसी बुकात बांधणीचा प्रकार, आसनसंख्या, रिकाम्या गाडीचे वजन, रंग अशा गोष्टी असतात. त्याच मापाचा, त्याच वजनाचा, त्याच बाजूला उघडणारा आणि त्याच रंगाचा फाळका बसवल्याने यांतील एकही नोंद बदलत नाही. कापडी हूड उतरवून त्या जागी फायबरचे पक्के छत आणि पूर्ण उंचीचे दार बसवणे ही निराळी गोष्ट आहे, कारण तेथे गाडीचा प्रकारच बदलतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे पहिली गोष्ट निःसंशय दुरुस्ती आहे आणि दुसरी निःसंशय फेरफार.

परंतु २०२३ मध्ये पुनर्नोंदणीसाठी गाडी पासिंगला नेली, तेव्हा 'फाळका कंपनीचा दिसत नाही' म्हणून मला परत पाठवण्यात आले. दुसऱ्या खेपेस कारागिराची पावती मागितली आणि ती पुरेशी नाही असे सांगितले. तिसऱ्या खेपेस दुसरे निरीक्षक होते. त्यांनी कडी ओढून पाहिली, मागचे दिवे पाहिले आणि गाडी पास केली. गाडी तीच होती, फाळकाही तोच होता. पहिल्या निरीक्षकांना मी दोष देत नाही, कारण त्यांनी संशय घ्यावा असे फाळके रस्त्यावर खरोखरच पुष्कळ आहेत, आणि कोणता फाळका चालेल हे सांगणारी एक ओळही बहुधा त्यांच्या हाती नसावी.

संशयास्पद फाळक्यांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. हल्ली बाजूला उघडणारा फाळका काढून, मुक्कामाच्या जागी त्याचे टेबल करता यावे म्हणून साखळ्यांवर खाली पडणारा फाळका बसवण्याची हौस वाढली आहे. नागरी वापराच्या जुन्या विलिज जीपला असा साखळ्यांचा फाळका मुळातच असे, आणि त्या गाडीवर तो शोभतोही. पण जिप्सीवर तो लावताना स्टेपनीची नवी जागा शोधावी लागते, तिच्यासाठी मागच्या बंपरवर वेगळी चौकट जोडली जाते, आणि मग मोठ्या टायरच्या आड क्रमांकपाटी किंवा एखादा दिवा झाकला जातो. याहून गंभीर बाब म्हणजे अशा घरगुती फाळक्यांना कडेचे रबर बहुधा नसतेच. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तेथेच घोटाळतो. हूड चढवलेले, बाजूचे पडदे बंद आणि मागे फट असेल तर तो धूर गाडीत ओढला जातो. आमच्याकडची तांबडी धूळ आत आली तर निदान कपड्यांवर दिसते. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नसतो आणि वासही नसतो, आणि मागच्या बाकावर झोपी गेलेल्या मुलाला काय होत आहे हे चालकाला कळत नाही. यासाठी निरीक्षकांनी हटकलेच पाहिजे आणि तेथे दंड झाला तर माझी तक्रार असणार नाही.

आणखी एक अडचण नव्याने उभी राहिली आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही राज्यात उच्च सुरक्षा क्रमांकपाटी सक्तीची झाली. तिचे कुलूप एकदाच बसणारे असते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गाडीची मागची पाटी फाळक्यावरच बसवलेली आहे, त्या गाडीचा फाळका कुजला किंवा कोणी ठोकरला, तर कुलूप तोडल्याशिवाय तो बदलता येत नाही. आणि कुलूप तोडलेली पाटी घेऊन फिरणारा माणूस पोलिसांच्या दृष्टीने चोर ठरू शकतो. अशा वेळी गॅरेजची पावती दाखवून तीच पाटी अधिकृत केंद्रात नव्या फाळक्यावर, नव्या कुलपाने बसवून मिळण्याची सुटसुटीत सोय असावी.

म्हणून परिवहन आयुक्तांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, बंद झालेल्या मॉडेलच्या गाडीला मूळ मापाचा आणि मूळ पद्धतीने उघडणारा फाळका बसवणे ही दुरुस्ती समजावी, असे लेखी परिपत्रक काढावे आणि निरीक्षकांनी त्यात काय तपासायचे तेही नमूद करावे: कडी, बिजागरी, रबर, दिवे आणि पाटी. हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. उघडण्याची दिशा किंवा स्टेपनीची जागा बदलायची असेल, तर आधी परवानगी घेण्याचा मार्गही त्यातच सांगावा, म्हणजे हौशी मंडळी चोरवाटेने जाणार नाहीत. सुटे भाग शोधत आज आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरतो आणि तेथे मिळालेला फाळका कोणत्या गाडीचा होता हे विकणाराही सांगत नाही. २०२१ च्या नियमांनुसार सुरू झालेल्या नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांनी धडधाकट फाळके आणि बिजागऱ्या मूळ वाहनाच्या क्रमांकाच्या पावतीसह विकल्या, तर कारागिराला माप मिळेल, मालकाला कागद मिळेल आणि चोरीच्या मालाची शंकाही राहणार नाही.

माझ्या जिप्सीची पुढची पुनर्नोंदणी २०२८ मध्ये आहे. कुजलेला फाळका मी टाकून दिलेला नाही. तो बागेतल्या खोपीत ठेवला आहे आणि त्याची मापे, छायाचित्रे व कारागिराची पावती एकत्र लावून ठेवली आहे. हे सर्व परिवहन विभागातील कोणाही अधिकाऱ्यास पाहायचे असेल, तर मी गाडीसह हजर राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जिप्सीधारक बागायतदार,
ता. जि. रत्नागिरी