ट्यूब नाकारणाऱ्या नानांस

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

चार वर्षांपूर्वीच्या पौषात अमळनेरच्या आपल्या मेडिकलमध्ये मी नेहमीप्रमाणे खाजेच्या मलमाच्या ट्यूबसाठी काउंटरवर पैसे ठेवले, तेव्हा आपण ते माझ्याकडे परत सरकवलेत आणि म्हणालात, "गुरुजी, ही ट्यूब आते तुमले देवानी नही." मला आपला इतका राग आला की त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या दुकानातून तीच ट्यूब आणली. हे आपणांस आजवर सांगितले नव्हते. आभार मानायचे तर ते लपवून मानता येणार नाहीत.

माझी खाज लहानपणची. आईला दमा, मला कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणांत चट्टे. मोठेपणी ते गेले असे वाटत असतानाच वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मान, पापण्या आणि हातांवर परतले. कोणी नायटा म्हणाले, कोणी रक्तदोष. शिक्षकांच्या खोलीत माझा चहाचा कप वेगळा ठेवला जाऊ लागला, आणि हा आजार संसर्गजन्य नाही हे मलाच ठाऊक नसल्याने मीही निमूटपणे तो वेगळाच उचलत असे. एकाने आंबट, हरभरा डाळ आणि वांगे बंद करायला सांगितले. खान्देशातल्या माणसाला हिवाळ्यात भरीत बंद म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. एवढे करूनही खाज थांबेना. ती थांबे केवळ ट्यूबने, आणि ट्यूब सोडली की दुप्पट होऊन येई.

राग ओसरल्यावर मी परत आलो, तेव्हा आपण दुकानातली गर्दी थांबवून मला त्या ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवलीत. तीव्र स्टेरॉइड (म्हणजे खाज आणि दाह दाबणारे औषध), अँटिबायोटिक आणि बुरशीवरचे औषध, तिन्ही एकाच नळीत. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच' यादीत घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे आपण सांगितलेत. आणि चिठ्ठीशिवाय आपणही मला ती दोन वर्षे दिलीत, हेही आपणच कबूल केलेत. माझा विश्वास बसला तो या कबुलीमुळे. शिवाय आपण बजावलेत की धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना वापरलेल्या सगळ्या रिकाम्या नळ्या बरोबर न्याव्यात.

त्या नळ्यांनी डॉक्टरांचे निम्मे काम केले. मानेवरची कातडी पातळ होऊन खालच्या शिरा का दिसतात, याचे उत्तर पिशवीतच होते: तीव्र स्टेरॉइड इतके दिवस लावल्याने. आमच्या शाळेभोवती गाजर गवत माजलेले असल्याने त्याची ॲलर्जी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून अठ्ठेचाळीस तास ठेवल्या. ती शंका फिटल्यावर 'ॲटोपिक डर्मटायटिस' असे नाव लिहून दिले. या आजारात कातडीला ओल धरून ठेवता येत नाही, बाहेरच्या गोष्टी सहज आत शिरतात आणि शरीर त्यांवर नको तितके उसळते. तो समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो, असे त्यांनी समजावले. जेवणाची चौकशी करून वांगे खुशाल खा म्हणाले. त्या रविवारी घरी कळण्याची भाकरी आणि भरीत झाले.

चिठ्ठी घेऊन मी आपल्याकडे आलो तो घाबरून, कारण तिच्यातही स्टेरॉइड होते. आपण हसला नाहीत. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलम काढून दाखवलेत, ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते असे सांगितलेत, आणि सौम्य मलम कोणते, किती दिवस लावायचे, मग कसे कमी करायचे, ते पाकिटावर मराठीत लिहून दिलेत. पापण्या आणि मानेसाठी दिलेले टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम पहिले काही दिवस जळजळते, तेवढ्याने सोडू नका, हे आपण आधीच सांगितले नसते तर मी ते तिसऱ्या दिवशी फेकले असते.

खरा फरक, नाना, पाहायला गेले तर साध्या गोष्टीने पडला. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, कडुनिंबाचा पाला आणि घासणे बंद, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, तेही हात न आखडता. थंडीत पेट्रोलियम जेली चालते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा तिने अंग कोंडते, म्हणून आपण हलके मलम सुचवलेत आणि मोठा डबा स्वस्त पडतो हेही सांगितलेत. घाम आला की आजही खाजते, खडूची धूळही सोसत नाही. मात्र रात्री झोप लागते, आणि चादरीवर रक्ताचे डाग पडत नाहीत.

ठरलेल्या जागी आठवड्यातून दोनदा लावायचे टॅक्रोलिमस संपत आले आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर येतो, चिठ्ठी घेऊन.

आपला,
गुरुजी