बास्टेट आधी सिंहीण होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन इजिप्तच्या बास्टेट या 'मांजरदेवी'वर आलेला लेख वाचला. विषय चांगला निवडला होता, पण त्यात काही गोष्टी चुकल्या आहेत. शाळांतली मुले प्रदर्शनाच्या तक्त्यांसाठी अशा पुरवण्यांची कात्रणे वापरतात. एकदा तक्त्यावर चढलेली चूक लवकर उतरत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नाव. 'बास्टेट' हा अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला उच्चार आहे. शेवटचा 'त' हा जुन्या इजिप्ती भाषेतला स्त्रीलिंगी प्रत्यय. तो बोलण्यातून पुढे गळून गेला, त्यामुळे लोकांच्या तोंडी 'बास्त'च्या जवळचे काहीतरी असावे. तिच्या गावाचे नाव 'पेर-बास्त', म्हणजे बास्तचे घर. ग्रीकांनी त्याचे बुबास्तिस केले, आणि बायबलमधल्या यहेज्केल ग्रंथाच्या 30व्या अध्यायात 'पी-बेसेथ' येते तेही हेच गाव. आज नाईलच्या त्रिभुज प्रदेशात झगाझिग शहराला लागून तेल बास्ता नावाची टेकाडे आहेत, ती त्याचीच जागा. देवीचे नाव लिहिताना सुगंधी लेपाच्या बरणीचे चिन्ह वापरत. म्हणून 'लेपाच्या बरणीवाली' असा अर्थ बहुतेक जण लावतात.

मुख्य मुद्दा असा की ती मुळात मांजर नव्हती. तिची सर्वांत जुनी चित्रे दुसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे इ.स.पू. 2800च्या आसपासच्या दगडी भांड्यांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत धड बाईचे असले तरी डोके सिंहिणीचे आहे. गीझाच्या दुसऱ्या पिरॅमिडचा राजा खाफ्रे याच्या खोऱ्यातल्या मंदिराला दोन दारे आहेत. दक्षिणेच्या दारावर हाथोर देवीचे नाव आहे आणि उत्तरेच्या दारावर बास्टेटचे. राजाला सांभाळणारी, शत्रूला फाडणारी अशी ही देवी. मांजराच्या डोक्याच्या तिच्या मूर्ती भरभरून दिसू लागतात त्या इ.स.पू. पहिल्या सहस्रकात. बुबास्तिसशी नाते सांगणारे लिबियन वंशाचे राजे इ.स.पू. 945च्या सुमारास गादीवर आले, शोशेंक पहिला हा त्यांतला पहिला. दुसऱ्या ओसोर्कोनने बुबास्तिसच्या देवळात मोठा उत्सवमंडप बांधला. राजाश्रय मिळाला, घराघरांत मांजर आधीच रुळलेले होते, आणि सिंहिणीची मांजर झाली. मधे जवळजवळ दोन हजार वर्षे गेली. 'इजिप्तची मांजरदेवी' असे सरसकट म्हणताना ही दोन हजार वर्षे आपण पुसून टाकतो.

सिंहीण मात्र नाहीशी झाली नाही. तिचे उग्र रूप सेखमेत या सिंहिणीच्या डोक्याच्या देवीकडे राहिले. नाईलमधल्या फिले बेटावरच्या देवळात देवीबद्दल लिहिले आहे की ती रागावली की सेखमेत असते आणि प्रसन्न झाली की बास्टेट. सूर्यदेव रा याची रुसून दूर वाळवंटात गेलेली मुलगी सिंहिणीच्या रूपात थैमान घालते, तिची समजूत काढून परत आणतात आणि ती शांत होते, अशी कथा तिकडे अनेक रूपांत सांगितली जात होती. गोव्यात दुर्गेला 'शांता' करून कवळ्यात बसवलेली आहे, त्यामुळे आपल्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. पण साम्य इथेच थांबते. शांतादुर्गेची कथा शिव आणि विष्णू यांचे भांडण सोडवण्याची, बास्टेटची स्वतःचा राग ओसरण्याची. दोन्ही देवी एकच, असला बादरायण संबंध कोणी जोडू नये.

लेखात 'बास्टेट रोज रात्री अपेप सर्पाला सुरीने मारते' असे आहे. हे चुकीचे. इशेद झाडाखाली सर्पाचे डोके कापणारे ते मांजर बोका आहे. तो हेलिओपोलिस या सूर्यपूजेच्या नगरीचा 'थोर बोका', म्हणजे खुद्द रा. मृतांच्या ग्रंथाच्या 17व्या प्रकरणात हा प्रसंग येतो आणि देर एल-मदिना या कारागिरांच्या गावातल्या थडग्यांच्या भिंतींवर तो रंगवलेला आहे. जाता जाता, मांजराला जुन्या इजिप्ती भाषेत 'मियू' म्हणत, आणि मांजरीला 'मियित'. आपण 'माऊ' म्हणतो. यात भाषाशास्त्र काही नाही, दोन्हीकडे नाव मांजरानेच ठेवले आहे.

आता 'मांजर मारणाऱ्याला देहदंड' याबद्दल. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 65व्या प्रकरणात लिहितो की पवित्र प्राणी जाणूनबुजून मारला तर मरण, चुकून मेला तर पुजारी ठरवतील तो दंड. मुद्दाम असो वा चुकून, मरणच, हे तो फक्त आयबिस पक्षी आणि ससाण्याबद्दल सांगतो. मांजराला त्या यादीत घातले ते डायोडोरस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराने, चारशे वर्षांनंतर. इ.स.पू. 60च्या सुमारास एका रोमनाकडून मांजर मेले आणि राजाने अधिकारी पाठवूनही जमावाने त्याला सोडले नाही, हा प्रसंग त्याने स्वतः पाहिल्याचे लिहिले आहे. म्हणजे ती झुंडशाही होती, न्यायालयाचा निकाल नव्हता. मांजर मेल्यावर दुखवट्यात भुवया काढण्याची गोष्ट खरी आहे, पण तिचा तपशील नेमका हवा. घरातले मांजर आपल्या मरणाने मेले तर त्या घरातली माणसे भुवया भादरत. कुत्रे मेले तर डोके आणि सर्व अंग.

आणि याच देशात मांजरे मारण्याचा धंदाही चालत होता, हे लेखात कुठेच आले नाही. देवळाच्या आवारात मांजरे पाळून वाढवीत, ठराविक वयाला मारीत, ममी करीत, आणि यात्रेकरू ती नवस म्हणून वाहत. लंडनच्या संग्रहातल्या ममींचे एक्स-रे तपासले तेव्हा बरीचशी मांजरे एक ते चार महिन्यांची किंवा नऊ ते बारा महिन्यांची निघाली, आणि अनेकांच्या मानेचे मणके निखळलेले होते. आपसूक मेलेल्या मांजरांची वये अशी दोन गठ्ठ्यांत पडत नाहीत.

ममी करण्याची रीत साधारण अशी. आतडी काढायची, कधी तीही नाही. नॅट्रॉन या खारात देह सुकवायचा. पुढचे पाय छातीलगत खाली सरळ, मागचे पोटाशी दुमडलेले, शेपूट मागच्या पायांतून पुढे ओढून पोटावर. मग तागाच्या पट्ट्या. वरचे वेष्टन फिकट आणि गडद अशा दोन रंगांच्या पट्ट्यांनी चटईसारखे विणायचे, कापडाचे कान शिवायचे, डोळे रंगवायचे. लेपाच्या रासायनिक तपासणीत चरबी, तेल, मेण आणि सूचिपर्णी झाडांची राळ सापडली आहे. म्हणजे माणसाच्या ममीला लागणारे महाग सामान इथेही वापरले होते. बिघडायचे ते सुकवण्याच्या घाईत. ओल राहिली की कापडाच्या आत मांस कुजते, कीड लागते, आणि बाहेरून देखण्या पुडक्यात शेवटी सुटी हाडे उरतात.

कधी कधी पुडक्यात मांजरच नसते. मँचेस्टर विद्यापीठाच्या गटाने आठशेहून अधिक प्राणी-ममींचे स्कॅन केले. ढोबळ मानाने एकतृतीयांशांत पूर्ण देह, एकतृतीयांशांत एखाददुसरे हाड, आणि उरलेल्यांत माती, काड्या, चिंध्या. याला लगेच फसवणूक म्हणू नये. देवळात वावरलेल्या प्राण्याचा तुकडा किंवा घरट्यातली काडीही पवित्र मानली जात असावी. पण तक्रारी नव्हत्या असेही नाही. सक्कारा इथल्या आयबिसच्या देवस्थानातला होर नावाचा लेखनिक इ.स.पू. दुसऱ्या शतकात कारभारातल्या गैरप्रकारांबद्दल लिहितो, आणि 'एका भांड्यात एक देव' असा नियम त्याच्याच नोंदींत येतो. देवस्थानच्या हिशेबावरून होणारी भांडणे आपल्याकडे महाजनांच्या सभांतून ऐकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल.

या ममींचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. 1888 मध्ये इजिप्तमधल्या बेनी हसनजवळ हजारो मांजरांचे दफन सापडले, आणि 1890 मध्ये त्यांतला सुमारे 19 टन माल जहाजाने लिव्हरपूलला जाऊन लिलावात शेतखत म्हणून विकला गेला. लिलाव पुकारणाऱ्याने हातोड्याऐवजी मांजराची कवटी आपटल्याचे सांगतात. ही मांजरेही बास्टेटची नव्हेत, तिथली देवी पाखेत. तीही सिंहिणीच्या तोंडाची.

जत्रेचे वर्णन लेखात दोन ओळींत उरकले, याचे वाईट वाटले. हेरोडोटस सांगतो की पुरुष-बायका होड्यांत दाटीवाटीने बसून बुबास्तिसला निघत. काही बायका टाळ्यांसारखी वाजणारी करताळे वाजवीत, पुरुष बासरी फुंकीत, बाकीचे गात. वाटेत गाव लागले की होडी काठाला लावायची आणि गावातल्या बायकांना उद्देशून वाटेल ते ओरडायचे, नाचायचे, लुगडी वर करायची. शिमग्याची बोंब ज्याने ऐकली आहे त्याला यात अश्लीलता दिसण्याआधी विधी दिसेल. वर्षभरात मिळून लागत नसेल इतकी द्राक्षाची दारू त्या जत्रेत संपे. सात लाख लोक जमत हा आकडा त्याला तिथल्या माणसांनी सांगितलेला आहे, मोजलेला नाही. लेखात तो जनगणनेसारखा छापला आहे. इ.स.पू. 238च्या कानोपसच्या हुकूमनाम्यात इजिप्ती पंचांगातल्या पायनी महिन्यात होणाऱ्या 'लहान' आणि 'मोठ्या' अशा दोन बुबास्तिया उत्सवांचा उल्लेख येतो. पंचांगात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवावा ही सूचना असलेला हुकूमनामा तो हाच. त्याची एक प्रत 2004 मध्ये तेल बास्तालाच सापडली.

पेलुसियमच्या लढाईत इराणी सैनिकांनी ढालींवर मांजरे रंगवली आणि इजिप्तवाल्यांनी बाण टाकले, ही गोष्ट सगळीकडे फिरते, आपल्या लेखातही आहे. लढाई इ.स.पू. 525ची. सैन्यापुढे कुत्री, मेंढ्या, मांजरे आणि आयबिस ठेवल्याचे लिहिणारा पॉलिएनस इ.स. दुसऱ्या शतकातला, जवळजवळ सातशे वर्षांनंतरचा. ढालींवरची चित्रे त्याच्याकडेही नाहीत. त्या रणांगणावरची हाडे जाऊन पाहणारा हेरोडोटस मांजरांचे नावही काढत नाही.

आपल्या किनाऱ्याशी थोडा संबंध आहे, पण तो बास्टेटचा नाही. तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके हे भारताशी व्यापार करणारे बंदर. तिथल्या एका देवळात भारतीय घड्यात साडेसात किलो काळी मिरी सापडली. त्याच बंदरात इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकातले पाळीव प्राण्यांचे दफनस्थान आहे आणि त्यात पाचशेहून जास्त मांजरे आहेत. ममी केलेली नाहीत, माना मोडलेल्या नाहीत, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे किंवा मणी आहेत. सोबत भारतातून नेलेली माकडे पुरलेली आहेत. नवस, देऊळ यांच्याशी काही देणेघेणे नसलेली ही मांजरे लेखात असती तर बरे झाले असते.

शेवटी चित्राबद्दल. पुरवणीत काळ्या दगडाची, सिंहासनावर बसलेली, डोक्यावर सूर्यबिंब असलेली मूर्ती 'बास्टेट' म्हणून छापली आहे. ती सेखमेत आहे. तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तिच्या अशा शेकडो मूर्ती घडवल्या, जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत त्यांतली एखादी आहे. उत्तरकाळातली बास्टेट ओळखायची ती अशी: कांस्याची, बहुधा वीतभर किंवा त्याहून लहान, उभी, डोके मांजराचे आणि कान ताठ, अंगाला घट्ट बसणारे नक्षीचे वस्त्र, उजव्या हातात खुळखुळ्यासारखे सिस्ट्रम वाद्य, डाव्या हातात छातीशी धरलेली सिंहिणीच्या मुखाची गळपट्टी, कोपरात टोपली, कधी पायांशी पिल्ले. त्या गळपट्टीवरचे तोंड शिल्पकारांनी शेवटपर्यंत सिंहिणीचेच ठेवले. पूर्ण मांजराच्या रूपातली मूर्ती हवी असेल तर ब्रिटिश म्युझियममधल्या गेयर-अँडरसन मांजराचे छायाचित्र घ्यावे: 42 सेंटिमीटर उंच, कानांत आणि नाकात सोन्याच्या बाळ्या. ओतकामानंतर अंगाला गेलेली तड नंतर सांधलेली आहे, ती एक्स-रेत दिसते.

निदान चित्राखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक, फोंडा