किल्ल्या दोन पाहिजेत म्हणे

डोंबिवली
रविवार, दुपार

सुमे,

तुझ्या मेसेजांना नुसते अंगठे पाठवत होते, त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या घाल आणि मग वाच. आम्ही ठीक. सासूबाईंची शुगर वर-खाली, माझा गुडघा जिन्यात कुरकुरतो. झालं.

आमच्या दोघांनी परवा लेखी अर्ज दिलाय. वहीच्या फाडलेल्या पानावर: जूनपासून पाळणाघर बंद, शाळेतून थेट घरी, किल्ल्या दोन, आणि 'आईने सारखे फोन करू नयेत.' खाली सईची सही, त्याखाली ओमची, आडनावासकट. ह्यांनी लगेच 'मंजूर' लिहून टाकलं. ह्यांचं काय जातंय!

सुट्टीभर तयारी चाललीये. ओम तांदूळ धुऊन वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी घालतो. पण त्याचं पेर ते केवढं! भात कच्चा. मग सईने त्याच्या बोटावर दीड पेरापाशी पेनने रेघ मारून दिली. आता जमतो. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, बाहेर पडून १९०६ ला फोन, सगळं घडाघडा पाठ. वाफ जिरेपर्यंत कुकरशी झटायचं नाही, हेही. (तुमच्या घरात छताला वरण लागलं तेव्हा शिट्टी तूच उचललीस. मी आजही तेच म्हणेन.)

तेव्हा गॅसचं नाही गं. लोकलचंही नाही. २६ जुलै २००५ ला मी ऑफिसात टेबलावर रात्र काढली, तशी वेळ पुन्हा आली तरी समोरच्या काकू आहेत.

अर्जात एक कलम आहे: 'ओमची जबाबदारी सईची.' सईच्याच अक्षरात. ते वाचलं आणि तूच उभी राहिलीस, गळ्यात किल्ली, बोटाला धाकटा बंड्या. खाली आम्ही लंगडी खेळतोय आणि तू गॅलरीत, दूध उतू जाईल म्हणून. मला त्या किल्लीचा केवढा हेवा! त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. आणि "किती समजूतदार गं पोर" म्हणणाऱ्या बायकांवर तू का भडकायचीस, ते मला तेव्हा कुठे कळत होतं.

सईला म्हटलं, हे कलम काढ. तर म्हणे, "मग त्याला कोण बघणार?" ओम म्हणतो, "मीच मला बघीन. म्हणून तर दुसरी किल्ली." आठ वर्षांच्या पोराला किल्ली द्यायची का, सांग. आणि खरं सांग, एखादी दुपार तरी तुला बरं वाटायचं का? दार आतून लावून, पंखा पाचवर? की तुझं ओझं मी उगाच सईच्या डोक्यावर ठेवतेय? तिला तर आनंदच झालाय.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याआधी उत्तर हवं.

तुझी बदली टळली का? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? बंड्या अजून येता-जाता "ताई, चहा" म्हणतो का? म्हणत असेल तर फोनवर सांगू नकोस, आमच्याकडे स्पीकर चालू असतो आणि ओम चांगलं तेवढं नेमकं उचलत नाही.

तुझी,
नंदी