टॅपेंटाडॉलच्या परवान्यांबाबत : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

पालघर जिल्ह्यात माझं औषधांचं दुकान आहे. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची एक पट्टी विकली तरी रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव मला वेगळ्या वहीत लिहावं लागतं. ती वही ३ वर्षं जपून ठेवावी लागते. मी ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

फेब्रुवारी २०२५मध्ये बीबीसीनं घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा माग काढला. तो आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यापर्यंत आला. ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या गोळीत टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र होतं. पहिलं अफूच्या जातीचं वेदनाशामक, दुसरं स्नायू सैल करणारं आणि सवय लावणारं. दोन्ही मिळून श्वास इतका मंदावू शकतात की माणूस झोपेतून उठतच नाही. आपल्याकडे ही औषधं वेगवेगळी मान्य आहेत, मिश्रणाला मान्यता नव्हती. तरी ते इथे बनत होतं आणि बाहेर जात होतं!

केंद्रानं त्याच महिन्यात या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली, तुमच्या अधिकाऱ्यांनीही कारखान्याची तपासणी केली. पण टॅपेंटाडॉल हे ट्रॅमाडॉलचंच धाकटं भावंड. दोन्हींचा जन्म एकाच जर्मन कंपनीत झाला. २०१८मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, टॅपेंटाडॉल मात्र बाहेर राहिलं. एकाला वेसण घातली की दुसरं पुढे येतं. म्हणून परवाना देताना एकेक नाव न पाहता सगळं घराणं एकत्र पाहा.

एक कळकळीची विनंती. सरसकट बंदी नको. कर्करोग झालेल्या वडिलांसाठी मॉर्फिन हे वेदनाशामक शोधत मुंबईपर्यंत फिरलेला मुलगा मी दुकानात पाहिलाय. अमली पदार्थांच्या त्याच १९८५च्या कायद्याच्या धाकानं मॉर्फिन दुकानांतून जवळजवळ नाहीसं झालं. २०१४ला त्या कायद्यात दुरुस्ती झाली, पण ते आजही सहज मिळत नाही.

उत्पादनाचा परवाना तुमचं खातं देतं. कोणत्या कारखान्यानं या घराण्यातली किती गोळी बनवली, ती कोणत्या देशात गेली, त्या देशाची लेखी परवानगी होती का, एवढं दर तिमाहीला संकेतस्थळावर टाका. माझी वही तुमचे निरीक्षक कधीही येऊन तपासू शकतात. कारखान्याची वही आम्हालाही पाहता यावी.

आपला,
पालघर जिल्ह्यातील एक औषधविक्रेता